साठ ओहम

एप्रिल २०२५ मध्ये आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला. फेब्रुवारी २०१८ मध्ये घेतलेली गाडी, सात वर्षांचे हप्ते. शेवटचा हप्ता गेला, बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिला आणि नवीन आरसी घरी आली. त्यावर फक्त माझं नाव होतं. आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आता गाडी खरी तुझी झाली."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हीच गाडी पुण्यातल्या सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीत निपचित उभी होती. काचा खाली होत नव्हत्या, गिअर 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, हलत नव्हता, चावी ओळखली जात नव्हती. आणि ती दुरुस्त करायची तर कंपनीच्या सर्व्हरवरून परवानगी यावी लागेल, असं मला सांगण्यात येत होतं. पुढच्या एकोणीस दिवसांत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे. ज्यांच्या गाड्या सहा-सात वर्षांच्या झाल्यात, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं.

सुरुवात बॅटरीपासून झाली. जूनच्या अखेरीस एका सकाळी गाडी चालू होईना. बॅटरी साडेतीन वर्षांची होती, त्यामुळे शंका घ्यावी असं काही वाटलं नाही. सर्व्हिस सेंटरमधून माणूस आला, ८,२०० रुपयांची नवी बॅटरी बसवून गेला. तिसऱ्या दिवशी तीही उतरली. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू केली, कॉलेजला जाऊन आले, पुन्हा दोन-तीन दिवसांनी तेच. मग एका रात्री अडीच वाजता वॉचमनचा फोन आला. खाली गेले तर पाऊस थांबलेला, गाडी बंद, चावी वर घरात, आणि वायपर कोरड्या काचेवर खरखरत फिरत होते. सेंट्रल लॉक थोड्या थोड्या वेळाने आपोआप टक-टक वाजत होतं. दहा नंबरचा पाना आणून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली तेव्हा कुठे सगळं थांबलं. सकाळी वायर परत जोडली, तर डॅशबोर्डवर एकच वाक्य: चावी सापडत नाही. चावी माझ्या हातात होती.

गाडी न्यायला सपाट फळीचा ट्रक मागवला, पण ऑटोमॅटिक गिअर 'पी'मध्ये अडकलेला असताना गाडी ढकलता येत नाही. ट्रकवाल्याने चाकं घासत ओढायची तयारी केली तेव्हा मी त्याला थांबवलं आणि गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढं एक झाकण असतं. ते स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं, आत टोक दाबून धरायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, घ्यायचा. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत ही सोय असते. सात वर्षांत मला ती माहीत नव्हती. आपल्या गाडीत हे झाकण कुठे आहे ते प्रत्येकाने आजच बघून ठेवावं.

सर्व्हिस सेंटरने दोन दिवसांनी निदान सांगितलं.

"मॅडम, बीसीएम गेलंय."

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. काचा, लॉक, दिवे, हॉर्न, वायपर यांच्यावर नियंत्रण ठेवणारी आणि माझ्या गाडीत चावीही ओळखणारी एक पेटी, शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी. अंदाजपत्रक समोर आलं. मॉड्यूल ४८,६००. डॅशबोर्डखालचं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, ३६,४००. नवीन मॉड्यूल जुन्या चाव्या स्वीकारणार नाही म्हणून दोन चाव्या १९,०००. मजुरी आणि कोडिंग ८,०००. एकूण १,१२,००० रुपये.

"पण ते गेलं कशामुळे?"

"पाणी लागलंय, मॅडम."

"पाणी कुठून आलं?"

"ते शोधायचं तर इंटिरिअर उतरवावं लागेल. त्याचं वेगळं एस्टिमेट होईल."

"आणि नव्या मॉड्यूललाही पाणी लागलं तर?"

त्या मुलाकडे याचं उत्तर नव्हतं. तो मनापासून वाईट वाटून म्हणाला, "मॅडम, इलेक्ट्रिकल पार्टला रिटर्न नसतो." तो प्रामाणिक होता, कष्टाळू होता. पण त्याच्या स्क्रीनवर 'का' या प्रश्नासाठी रकानाच नव्हता. बिघाडाचा कोड, त्या कोडसमोर पार्टचा नंबर, त्या नंबरसमोर किंमत. मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. कारण न शोधता उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देत नाही, आणि इथे त्याच उत्तरासाठी मला लाखभर रुपये मोजायला सांगत होते.

तेवढे पैसे मोजायचे म्हटले तरी पार्ट नव्हता. १ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले तेव्हा कंपनीने माझं डिझेल मॉडेल बंद केलं होतं. मॉड्यूल मागवायला टाकू, सहा ते आठ आठवडे लागतील, त्यापुढचं सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. विमा कंपनीला फोन केला. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात, तेच कलम त्यांनी वाचून दाखवलं. वाढीव वॉरंटी दोन वर्षांपूर्वी संपली होती.

त्या संध्याकाळी आरसी पुन्हा काढून पाहिली. नोंदणी फेब्रुवारी २०३३ पर्यंत वैध आहे. खासगी गाडीला सरकार पंधरा वर्षं देतं आणि तपासणीत पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणही देतं. रस्ता कर मी पहिल्याच दिवशी पूर्ण भरला आहे. इंजिन ६८,००० किलोमीटर चाललेलं, वाईच्या घाटात आजही दम न टाकणारं. पत्र्याला गंज नाही, टायर नवे. आणि एका पेटीपायी ही गाडी अर्ध्या आयुष्यात भंगार ठरत होती. एका सहकाऱ्याने विकून टाकायचा सल्ला दिला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने चालू स्थितीत सव्वाचार लाख आणि आहे त्या स्थितीत दीड लाख सांगितले. मधले पावणेतीन लाख त्या पेटीने खाल्ले होते. रात्री झोप लागली नाही. पैशांचं दुःख होतंच, पण ज्या वस्तूवर आपलं नाव आहे तिच्यात काय बिघडलंय हे विचारायचाही आपल्याला हक्क नाही, हे जास्त लागलं.

तपासणीचे १,८०० रुपये भरले आणि गाडी पद्मावतीजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. बाबांची गाडीही तेच बघायचे. आता बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर त्यांचा मुलगा चालवतो. पण मिस्त्रींनी स्कॅनरला हात लावायच्या आधी डाव्या बाजूची मॅट उचलली आणि कार्पेटवर तळवा दाबला. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.

"ताई, आधी पाणी बंद करू. पेटीचं नंतर बघू."

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सोनमोहराची दोन मोठी झाडं आहेत. मे-जूनमध्ये खालचा रस्ता पिवळा होतो. गाडी तिथेच लागते, आणि माझ्या गाडीला सनरूफ आहे. सनरूफ म्हणजे पाणी अजिबात आत येऊ न देणारं झाकण, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. रबराच्या कडेतून थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच ते बनवलेलं असतं. काचेभोवती एक पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांतून बोटाएवढ्या नळ्या निघतात, त्या खांबांच्या आतून उतरून पाणी चाकांजवळ बाहेर सोडतात. आपल्या कौलारू घरांना जशी पागोळ्यांची पन्हळ, तशीच ही. पन्हळीत पाला साचला की पाणी भिंतीत मुरतं. माझ्या गाडीत ते पुढच्या डाव्या खांबातून उतरून थेट पायापाशी येत होतं, आणि तिथेच, आतल्या पत्र्याला लावलेली, बीसीएमची पेटी आहे. ज्याने गाडी आखली त्याने नळी आणि पेटी एकाच कोपऱ्यात ठेवली, हे मला अजून पटलेलं नाही.

मिस्त्रींनी सनरूफ हाताने फिरवून उघडलं आणि पन्हळीत पाण्याच्या बाटलीतून सावकाश धार धरली. उजव्या चाकामागे पाणी ठिबकायला लागलं. डावीकडे काहीच नाही. मुलगा हवेचा पाइप आणायला निघाला, मिस्त्री ओरडले, "हवा नको! नळी आतल्या आत निसटेल." त्यांनी गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची तार घेतली, टोक मेणबत्तीवर गोल करून घेतलं आणि वरून हळूहळू सरकवत नेली. दोन हात तार गेल्यावर खाली काळा चिखल पडला. सोनमोहराच्या पाकळ्या कुजून झालेला. त्यानंतर स्वच्छ पाणी. वीस मिनिटांचं काम होतं.

आता पेटी. मुलाने स्कॅनर लावला, त्यावर कोड आला यू-०१४०. अर्थ एवढाच की बीसीएमशी संपर्क तुटला आहे. सर्व्हिस सेंटरने पाहिला तोही हाच असणार. "ताई, स्कॅनर सांगतो की फोन उचलत नाहीये. माणूस गेलाय की वायर तुटलीय ते तो सांगत नाही." मग त्याने बॅटरी सोडवली, मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विद्युत रोध मोजायला, लावला आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांना टोकं टेकवली.

हा भाग मी आता दर वर्षी वर्गात सांगणार आहे. गाडीतली मॉड्यूल्स एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात. त्या पद्धतीला कॅन म्हणतात, ती बॉशने बनवली आणि १९८६ मध्ये जगापुढे आणली. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. दोन समान रोध समांतर जोडले की निम्मा, म्हणजे निरोगी गाडीत या दोन पिनांमध्ये ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर कुठेतरी तार तुटली आहे. शून्याच्या जवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

मीटरवर ४१ आले. मग ३९. मग ४३. आकडा स्थिर राहत नव्हता.

मी मनात गणित केलं. ६० ला समांतर काय जोडलं तर ४० मिळतील? १२०. म्हणजे या जाळ्यात नसायला हवा असा आणखी एक, साधारण १२० ओहमचा रस्ता कुठेतरी तयार झाला होता, आणि तो ओलसर असल्यामुळे थरथरत होता. मी मिस्त्रींच्या मुलाला म्हटलं, "बीसीएमचं कनेक्टर काढ आणि पुन्हा मोज." त्याने काढलं. मीटरवर ६० आले आणि तिथेच थांबले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. माझ्या विषयाचा इतका सरळ उपयोग मी किती तरी वर्षांत केला नव्हता.

त्या एका मोजणीने दोन गोष्टी ठरल्या. बिघाड पेटीच्या आत आहे. आणि वायरिंग ठणठणीत आहे, म्हणजे अंदाजपत्रकातले ३६,४०० रुपये लागणारच नव्हते. हे कळायला लागलेलं साधन बाजारात पाचशे रुपयांपासून मिळतं.

नवीन पेटी बाहेरून मिळाली असती तरी मिस्त्रींना ती बसवता आली नसती. नवीन मॉड्यूलला गाडीचा चासी नंबर, तिच्यात असलेल्या सोयींची यादी आणि चाव्यांचे संकेत शिकवावे लागतात, आणि माझ्या गाडीत ते काम कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय होत नाही. त्या सर्व्हरचा पासवर्ड फक्त अधिकृत केंद्राकडे. म्हणून एकच वाट उरली होती, जुनी पेटीच जिवंत करणं. "बुधवार पेठेत एक काका आहेत," मिस्त्री म्हणाले. "टीव्ही रिपेअर करायचे. आता गाड्यांचे बोर्ड करतात. त्यांना दाखवा."

तापकीर गल्लीच्या परिसरात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या मागच्या एका वाड्यात, लाकडी जिन्याने वर काकांची खोली आहे. मी शिकवते म्हटल्यावर ते पहिल्यापासून मला 'बाई' म्हणायला लागले. पेटी उघडून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला खुर्चीवर बसवून बघायला लावलं. कनेक्टरच्या पिनांजवळ हिरवट-निळी साय जमली होती. लहानपणी आजी कल्हई उडालेलं पितळी पातेलं बाजूला ठेवायची, त्यात ताक कळकतं म्हणून. तोच रंग. तांबं, पाणी आणि सतत सुरू असलेली वीज. पेटी बंद गाडीतही पूर्ण झोपत नाही, त्यामुळे महिनाभर ती ओल्या हवेत विजेसकट उभी होती.

काकांनी सगळ्यात आधी काय केलं ते महत्त्वाचं आहे. सोल्डरिंग आयर्नला हातही न लावता त्यांनी बोर्डावरच्या एका आठ पायांच्या चिपला क्लिप लावली आणि तिच्यातली सगळी माहिती संगणकावर उतरवून घेतली. दोनदा, आणि दोन्ही प्रती जुळतात का ते तपासलं. "बाई, बाकी सगळं बाजारात मिळतं. हे मिळत नाही. तुमची गाडी म्हणजे हेच." चासी नंबर, चाव्यांची ओळख, सगळं त्या चिपमध्ये होतं. ती गेली असती तर मी पुन्हा सर्व्हरच्या दारात उभी राहिले असते.

मग त्यांनी बोर्ड अल्कोहोलने धुतला, ब्रशने हिरवळ काढली, गरम हवेने वाळवला. कॅनच्या तारांशी बोलणारी चिप सडली होती. ती नवी बसवली. तिची किंमत शंभर रुपयांच्या आतली. वायपरचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटला होता, तो बदलला. खाऊन गेलेल्या दोन रेषांवरून केसासारखी तांब्याची तार ओढली. शेवटी बोर्डावर पारदर्शक लाखेचा हात दिला, पुन्हा दमट हवा लागली तरी धरेल म्हणून. तीन दिवस, ७,५०० रुपये. माहितीची प्रत त्यांनी माझ्या पेनड्राइव्हवर दिली. "घरी कुलपात ठेवा, कुणाला देऊ नका. याच्यावरून चावी बनते."

इकडे गाडी वाळवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. कार्पेटखाली चार बोटं जाड फोम असतो आणि तो पुण्याच्या जुलैत वाळत नाही. मिस्त्रींनी डावी सीट आणि कार्पेट बाहेर काढलं. फोम मी घरी आणला, तो न्हाणीघरात टांगला, खाली टेबलफॅन लावला. पाच दिवस घरात ओल्या गोणपाटाचा वास होता. आईने एकदाही तक्रार केली नाही.

याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. हिंजवडीत एका कंपनीत तो याच प्रकारच्या मॉड्यूल्सचं सॉफ्टवेअर लिहितो. मी त्याला माझा राग सांगितला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ती कुलपं आम्हीच लिहितो. पण ती का आली तेही ऐका." २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून, इंटरनेटवरून, हायवेवर धावणाऱ्या एका जीपचं नियंत्रण मिळवून दाखवलं. त्यानंतर १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हापासून गाडीच्या आतल्या तारांपर्यंत कोण पोहोचू शकतं याचा धसका सगळ्या उद्योगाने घेतला. चोरांकडेही आता पहारीऐवजी लॅपटॉप असतो. चाव्यांचे संकेत कुणालाही वाचता यायला लागले तर गाडी कुणाचीच सुरक्षित नाही.

हे मला मान्य आहे. कुलूप हवं. मी त्याला एवढंच विचारलं, "माझ्या घराच्या कुलपाची किल्ली मी बिल्डरकडे मागायला जाते का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मालकाची ओळख पटवून, नोंद ठेवून, बाहेरच्या गॅरेजला तेवढ्यापुरता प्रवेश देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तशी मागणी कुणी त्यांच्याकडे लिहून देत नाही. जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. चिप बनवणाऱ्या कंपन्या काही वर्षांनी ती चिप बनवणं थांबवतात, आणि थांबवण्याआधी शेवटची ऑर्डर द्यायला सांगतात. किती पेट्यांपुरत्या चिप साठवायच्या हे त्या दिवशी कुणीतरी एका तक्त्यात ठरवतो. बंद पडलेल्या मॉडेलसाठी तो आकडा मोठा नसतो. पत्र्याचा मडगार्ड साचा असेल तर दहा वर्षांनीही ठोकता येतो, चिपचं तसं नाही.

आपलं शहर यात किती खोल आहे, हे त्या बोलण्यानंतर सारखं मनात येत राहिलं. वेताळ टेकडीवर १९६६ पासून काम करणारी एआरएआय आहे, जिथे गाड्या तपासून प्रमाणित होतात. चाकणला कारखाने, हिंजवडीत सॉफ्टवेअर, नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं. गाडीचा मेंदू पुण्यात लिहिला जातो, आणि पुण्याच्याच गॅरेजमध्ये तो उघडता येत नाही.

कायद्याच्या बाजूने मी जे वाचलं ते थोडक्यात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड लावला होता. कारण हेच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात न देता ग्राहकाला अधिकृत केंद्राशी बांधून ठेवणं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत, आणि त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. मी तिथे गेले. माझ्या गाडीपुरतं हाती लागलं ते मालकाचं पुस्तक आणि हेल्पलाइनचा नंबर. पोर्टल असणं ही चांगलीच सुरुवात आहे. पण मिस्त्रींच्या मुलाला हवा आहे तो वायरिंगचा नकाशा आणि पैसे भरून मिळणारा अधिकृत प्रवेश. तो फुकट मागत नाही.

अठराव्या दिवशी पेटी परत बसवली. बॅटरी जोडली. मी चावी खिशात ठेवून बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. दोन्ही जुन्या चाव्या चालल्या. काचांना एका स्पर्शात वर जायचं पुन्हा शिकवावं लागलं; काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं, एवढंच. एक दिवा मात्र राहिला, एअरबॅगचा. सीट काढताना तिच्याखालचं कनेक्टर सोडवलं होतं, त्याची नोंद झाली, आणि ती मिस्त्रींच्या स्कॅनरने पुसता येईना. त्यासाठी पुन्हा सर्व्हिस सेंटर.

तिथे आधी नकार मिळाला. बाहेर दुरुस्त झालेली गाडी, आम्ही हात लावणार नाही. मी व्यवस्थापकांना भेटले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं; एअरबॅगची जबाबदारी मोठी असते. मी म्हटलं, "जबाबदारी आहे म्हणूनच तपासा. दिवा पुसू नका, कनेक्टर तपासा, ठीक असेल तर पुसा आणि तसं लिहून द्या. बीसीएमबद्दल मी तुम्हाला काही विचारणार नाही." त्यांनी विचार केला आणि माणूस दिला. त्याने कनेक्टर उघडून पाहिलं, मोजलं, दिवा गेला. ९०० रुपये, पावतीसह. निघताना तोच पहिल्या दिवसाचा मुलगा फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, बोर्ड कुठे केलात?" मी त्याला बुधवार पेठेचा पत्ता दिला.

मिस्त्रींनी शेवटची मोजणी माझ्या आग्रहाखातर केली. गाडी कुलूप लावून अर्धा तास झोपू दिली आणि बॅटरीतून किती प्रवाह जातो ते पाहिलं. आधी, पेटी सडलेली असताना, तो ०.९ अँपिअर होता. ६० अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने ६६ तासांत, तीन दिवसांच्या आत, रिकामी होते. जूनच्या अखेरीपासून दर तिसऱ्या दिवशी हेच होत होतं. आता मीटरवर २८ मिलिअँपिअर आले, म्हणजे ५० च्या आत, निरोगी. ही मोजणी पहिल्याच दिवशी केली असती तर ८,२०० रुपयांची बॅटरी घ्यावी लागली नसती आणि ती पेटी आणखी इतके दिवस पाण्यात सडली नसती. गाडीची बॅटरी वारंवार उतरत असेल तर बॅटरी बदलण्याआधी हा आकडा मागा. दहा मिनिटांचं नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे; गाडीला झोपायला तेवढा वेळ लागतो.

खर्च असा झाला: दोन वेळचा ट्रक ५,०००, सर्व्हिस सेंटरची तपासणी १,८००, काका ७,५००, मिस्त्री ६,५००, एअरबॅग ९००. एकूण २१,७००, बॅटरी सोडून.

खंडेनवमीला पेढे घेऊन गॅरेजवर गेले. पाटावर पाने, पक्कड, हातोडी, जॅक मांडलेले होते. शेजारी, वेगळ्या पाटावर, स्कॅनर आणि मल्टिमीटर. मिस्त्रींनी पान्यांना हळदकुंकू लावलं. मुलाने स्कॅनरच्या सॉकेटवर आधी कागदी टेप चिकटवली, मग त्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं. या वर्षी अपडेटचं वर्गणीचं शुल्क वाढलंय, तो म्हणाला, पण भरलंय.

माझ्या गाडीला झेंडूचं तोरण घालायला तो बाहेर आला. मी त्याला ते पुढच्या जाळीवर बांधायला सांगितलं, छतावर नको. मग आम्ही सनरूफ उघडलं आणि पाण्याची बाटली आणली. तो वर धार धरून उभा राहिला, मी खाली बसले. आधी उजव्या चाकामागे ठिबकलं. मग डाव्या.